टिल्डाचं ब्रेसलेट

कोरीन हॉगलंडला सरकार खेळणी विकत घेण्याचा पगार देत असे. आमच्या ऑलिम्पियाच्या कचेरीत नव्याने आलेला प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात तिला त्यावरून एकदा तरी चिडवायचा. मीही चिडवलं होतं. ती हसायची नाही आणि रागवायचीही नाही. "हो, आणि बाहुल्यासुद्धा," एवढं म्हणून पुन्हा पावत्या चिकटवायला लागायची.

काम असं होतं. लहान मुलांच्या वस्तूंमध्ये कोणती रसायनं किती असली तर चालतील, याचा आमच्या वॉशिंग्टन राज्यात कायदा आहे. तो पाळला जातोय की नाही हे कळायचं तर कुणीतरी साध्या गिऱ्हाइकासारखं दुकानात शिरून वस्तू आणायला लागतात. ते कुणीतरी म्हणजे कोरीन. ती वस्तू आणायची, फोटो काढायची, पिशवीत घालून नंबर द्यायची, आणि मग ती पिशवी माझ्या टेबलावर यायची. मी प्रयोगशाळेत होतो. त्या वस्तू कापायच्या, द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून दळायच्या, आणि शिसं निघतंय का, कॅडमियम निघतंय का ते बघायचं, हे माझं काम. रबरी बदकं, बाहुल्यांची डोकी, प्लॅस्टिकच्या इवल्याशा पर्स. कचेरीत त्यांना 'कोरीनची पोरं' म्हणत. "कोरीनची पोरं दळून झाली का?" असं आमचे साहेब, ब्रूस्टर, भर बैठकीत विचारायचे. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मलाही वाटलं नाही, हे कबूल करतो.

कोरीन तेव्हा बावन्न वर्षांची होती. लग्न केलेलं नव्हतं. आई अंथरुणाला खिळली तेव्हापासून अकरा वर्षं तिनं आईचं सगळं केलं, आणि आई गेल्यावर घर विकून गावाच्या पश्चिमेला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. भाऊबहीण नाही. कचेरीत ती कुणाशी भांडली नाही, पण कुणाच्या घरी जेवायला गेली असंही झालं नाही. नाताळच्या पार्टीत भिंतीला टेकून अर्धा तास उभी राहायची आणि मग कोट कधी घालून गेली ते कळायचं नाही.

पुढचं सगळं तिनं मला नंतर सांगितलं. एका बैठकीत नाही; जेवणाच्या सुट्टीत, तुकड्यातुकड्यानं, दोन-तीन महिने. म्हणून जे मी पाहिलं नाही तेही पाहिल्यासारखं सांगतो आहे.

दुकानदाराला आपण सरकारकडून आलोय हे सांगायचं नाही, असा नियम होता. सांगितलं तर पुढच्या खेपेला तो मागच्या खोलीतून निवडून माल काढणार. त्यामुळे गल्ल्यावरच्या मुलीनं कौतुकानं विचारलं, की हे एवढं कुणासाठी, तर कोरीनचं उत्तर ठरलेलं होतं: भाचीचा वाढदिवस आहे. सात वर्षं ती त्या नसलेल्या भाचीचे वाढदिवस करत होती. मोठ्या दुकानात ते खपून जायचं. तिथे उत्तर ऐकायला कुणी थांबतच नाही.

समुद्राकडच्या गावांतली छोटी दुकानं वेगळी. त्या ऑक्टोबरात ती रेमंडला गेली. लाकूडगिरण्यांचं गाव; गिरण्या पुष्कळशा बंद, नदी मात्र गढूळ आणि भरलेली. तिथे हेल्मी लाहती नावाच्या बाईचं दुकान होतं. दोरे, उंदराचे सापळे, मासे धरायचे गळ, शुभेच्छापत्रं, गोळ्या, आणि गल्ल्याशेजारच्या फिरत्या स्टँडवर लहान मुलींची ब्रेसलेट. ती हेल्मी स्वतः ओवायची. घाऊक व्यापाऱ्याकडून धातूच्या मासोळ्या, बगळे, पाणमांजरं पिशवीनं मागवायची आणि रंगीत मण्यांमध्ये एकेक गुंफायची. आसपासच्या शाळेतल्या निम्म्या मुलींच्या हातात तिची ब्रेसलेट होती.

हेल्मी बहात्तर वर्षांची, बुटकी, खांद्याला रुंद. कोरीननं दोन ब्रेसलेट उचलली आणि ती 'भाची' म्हणायच्या तयारीत होती, पण हेल्मीनं विचारलंच नाही कुणासाठी ते. ती म्हणाली, "थांब, घाई करू नकोस. आधी मला सांग, लेकीचा हात केवढा आहे?" आणि कोरीनचाच हात धरून तिचा अंगठा आणि बोट जुळवून तिनं एक गोल केला. "एवढा?"

कोरीन त्या गोलाकडे बघत राहिली. तिला शेवटचा हात लावला होता तो दवाखान्यातल्या नर्सनं, रक्तदाब बघायला.

"थोडा बारीक," ती म्हणाली.

हेल्मीनं गोल लहान केला. "असा? म्हणजे सहा-सात वर्षांची. नाव काय?"

"टिल्डा." हे नाव कुठून आलं ते कोरीनला सांगता आलं नाही. तिच्या ओळखीत त्या नावाचं कुणीच नव्हतं.

ती दोन ब्रेसलेट पिशवीत घालून, नंबर देऊन तिनं माझ्या शीतकपाटात ठेवली. दागिन्यांची तपासणी वसंतात करायची असं ठरलेलं होतं, त्यामुळे ती तशीच पडून राहिली.

खात्याच्या कामानं रेमंडला पुन्हा जायची वेळ जानेवारीत येणार होती. कोरीन नोव्हेंबरातच गेली, शनिवारी, स्वतःच्या गाडीनं. दोरा हवा होता म्हणे. दोरा ऑलिम्पियात मिळतो. हेल्मीनं तिला ओळखलं, टिल्डाची विचारपूस केली, आणि दुकानात चिटपाखरू नव्हतं म्हणून मागच्या खोलीत कॉफी ठेवली. सोबत वेलदोड्याचा गोड पाव. हेल्मीच्या फिनिश घराण्यात तो दर शुक्रवारी भाजायची पद्धत होती, आणि खाणारं कुणी नसलं तरी तिनं ती मोडली नव्हती. नवरा ओन्नी जाऊन नऊ वर्षं झाली होती. मुलगा अलास्काला मासेमारीच्या बोटीवर, फोन यायचा तो नाताळला.

"खा की," हेल्मी म्हणाली. "तुला कुणी जेवायला वाढत नाही वाटतं. पोरीच्या ताटातलं उरलेलं खाऊन उठत असशील. मला माहीत आहे ना, मीही तेच करायची."

कोरीननं दोन तुकडे खाल्ले आणि तिसरा घेतला.

मग ती दर दोन आठवड्यांनी जायला लागली. जायला दीड तास, यायला दीड तास. जाताना ती गाडीत ठरवायची, की या दोन आठवड्यांत टिल्डानं काय काय केलं. टिल्डाचा पुढचा दात पडला. टिल्डा कुत्र्यांना घाबरते, पण शेजारच्या म्हाताऱ्या कुत्र्याला नाही. तिला मटार आवडत नाही, रुमालात लपवते. कोरीन मला म्हणाली की मॉन्टेसानोच्या वळणापर्यंत तिला हे सगळं खोटं आहे याची लाज वाटायची, आणि वळणानंतर वाटायची नाही. परतताना उलट.

हेल्मी ऐकायची आणि मध्ये मध्ये सल्ले द्यायची. मटार कुस्करून बटाट्यात घाल, कळणारसुद्धा नाही. एकदा ती म्हणाली की तिला घेऊन ये ना, शनिवारी तर शाळा नसते. तेव्हा कोरीनला एक बापही तयार करावा लागला. घटस्फोट झालाय, शनिवारी टिल्डा त्याच्याकडे असते.

"शनिवारी न्यायची आणि रविवारी आणून टाकायची," हेल्मी म्हणाली. "म्हणजे लाड त्यानं करायचे आणि आंघोळीला तू घालायचीस. नाव काय त्या मेल्याचं? नको, राहू दे, कळून मला काय करायचंय."

कोरीनला हसू आलं. त्या बापाचा तिलाही खराच राग यायला लागला होता, असं ती म्हणाली.

फेब्रुवारीत टिल्डा सात वर्षांची झाली. तारीख कोरीननं कधीतरी बोलण्याच्या भरात सांगून टाकली होती, आणि हेल्मीनं ती लक्षात ठेवली होती. त्या शनिवारी ती दुकानात गेली तर गल्ल्यावर पातळ कागदात गुंडाळलेलं ब्रेसलेट तयार होतं. निळे मणी, मध्ये टी, आय, एल, डी, ए अशी पाच पांढरी अक्षरं, आणि दोन बाजूंना दोन मासोळ्या. कोरीन पर्स उघडायला लागली तर हेल्मीनं तिच्या हातावर चापट मारली. "तुला नाही दिलेलं. तिचं आहे. तिला सांग, रेमंडच्या आजीनं दिलंय."

कोरीन नदीकाठी गाडी लावून तासभर बसून राहिली. मग घरी गेली आणि ब्रेसलेट स्वयंपाकघरातल्या खिडकीत ठेवलं.

मार्चमध्ये दागिन्यांची पाळी आली. ऑक्टोबरातल्या पिशव्या मी बाहेर काढल्या. एका ब्रेसलेटमधली मासोळी मीच कापली, मीच दळली. आकडा आला तेव्हा मला वाटलं यंत्र बिघडलं. पुन्हा केलं. मग दुसऱ्या ब्रेसलेटमधली घेतली. मासोळी जवळजवळ कॅडमियमचीच होती, वरची चकाकी तेवढी दुसऱ्या धातूची. असली वस्तू मुलं तोंडात घालतात, चघळतात. ते शरीरात गेलं की मूत्रपिंडात जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं हलत नाही.

नंबरावरून गाव बघितलं आणि कोरीनच्या टेबलाशी गेलो. मला तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं. रेमंडवाल्या ब्रेसलेटमध्ये भरपूर निघालंय, बगळे आणि पाणमांजरं ठीक आहेत पण मासोळ्या भयंकर आहेत, असं मी जरा उत्साहानंच सांगितलं. आमच्या कामात काही सापडलं की उत्साह येतो, ही त्या कामाची वाईट बाजू.

तिनं विचारलं, "पुन्हा बघितलंस?"

"तीनदा."

ती उठून ब्रूस्टरसाहेबांच्या खोलीत गेली. त्या दुकानदारणीला आज फोन करू द्या, असं तिनं मागितलं. साहेबांनी नाही म्हटलं, आणि त्यांच्या बाजूनं ते बरोबर होतं. खात्याचं पत्र आधी वकिलांकडे जातं, तिथून सही होऊन रजिस्टरनं रवाना होतं. त्याला तीन आठवडे लागतात. खरेदी करणाऱ्याचा चेहरा दुकानदाराला कळता कामा नये. शिवाय ती बाई ब्रेसलेट स्वतः ओवते म्हणजे कायद्यानं ती उत्पादक ठरते, तेव्हा तिच्याशी जे बोलायचं ते कागदावरच. तो गुरुवार होता. कोरीन शनिवारपर्यंत थांबली आणि मग गेली.

सकाळची वेळ होती. दुकानात एक बाई मुलीला घेऊन आलेली, ती जाईपर्यंत कोरीन शुभेच्छापत्रं बघत उभी राहिली. त्या मुलीच्या हातात ब्रेसलेट होतं आणि ती त्याची मासोळी ओठांत धरून होती. दार लागल्यावर कोरीननं गल्ल्याशी येऊन सगळं एका दमात सांगितलं. ती कुठे काम करते, ऑक्टोबरात का आली होती, मासोळ्यांत काय निघालं, त्यानं मुलांना काय होतं. पत्र येणार आहे, पण तोवर थांबू नका.

हेल्मी ऐकत होती. तिनं गल्ल्यावर दोन्ही हात टेकले, आणि तिच्या तोंडून पहिलं वाक्य आलं ते हे:

"मग आधी टिल्डाच्या हातातलं काढ."

कोरीन तिच्याकडे बघत राहिली.

"बघतेस काय अशी? आज शनिवार, ती बापाकडे असेल. त्याला फोन लाव." हेल्मीनं दुकानाचा फोन उचलून तिच्यापुढे सरकवला. "लाव लवकर. तोंडात घालते म्हणाली होतीस ना सगळं."

कोरीन मला म्हणाली की त्या घटकेला तिनं फोन हातात घेतलाही होता. खोटा नंबर फिरवून खोटं बोलता आलं असतं. तिनं फोन परत ठेवला.

"हेल्मी, टिल्डा नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"मला मुलगी नाही. नवरा नव्हता कधी. मी एकटी राहते. तुम्ही त्या दिवशी हात केवढा म्हणून विचारलंत आणि मी सांगितलं, एवढंच झालं. पुढचं सगळं मी बनवलं."

हेल्मी चिडली असती तर बरं झालं असतं, असं कोरीन म्हणाली. ती समजून घेत होती. एखादा हिशेब जुळत नाही तसा चेहरा करून एकेक गोष्ट आठवून बघत होती. शेवटी तिनं विचारलं, "मग दात कुणाचा पडला?"

"कुणाचाच नाही."

"हं," हेल्मी म्हणाली. तिनं खालून एक खोका काढला आणि फिरत्या स्टँडवरची ब्रेसलेट एकेक करून त्यात टाकायला लागली. बगळ्यांचीही, पाणमांजरांचीही. कोरीन मदतीला हात पुढे करायला गेली तर ती म्हणाली, "राहू दे." मग मागच्या खोलीतली धातूची पिशवी आणून त्याच खोक्यात रिकामी केली. कोरीननं विचारलं की गावातल्या मुलींची यादी करायला मी थांबू का, आपण दोघी मिळून घरोघरी जाऊ.

"तू जा आता," हेल्मी म्हणाली. आवाज चढवला नाही. "घरं मला ठाऊक आहेत. खरी पोरं आहेत ती, मला त्यांचे हात पाठ आहेत."

कोरीन गेली.

सोमवारी तिनं साहेबांना सगळं सांगितलं, टिल्डासकट. त्याची गरज नव्हती. नियम मोडला एवढं सांगून भागलं असतं. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी ते प्रकरण कागदावर शक्य तितकं लहान ठेवलं, पण खरेदीचं काम तिच्याकडून काढून घेतलं आणि तिला नोंदणीच्या टेबलावर बसवलं. फॉर्म येतात ते तपासायचे, फोन आले तर घ्यायचे. खरेदीला दुसरी मुलगी आली, पंचविशीतली. 'कोरीनची पोरं' हा शब्द कुणी बंद करा म्हटलं नाही, तो आपोआप बंद झाला. गोष्ट कचेरीभर झाली होती. लोक तिच्याशी फार जपून, फार मऊ बोलायला लागले, आणि ते पहिल्यापेक्षा वाईट होतं.

त्याच आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत ती माझ्याकडे आली. कागदात गुंडाळलेलं ते निळं ब्रेसलेट तिनं टेबलावर ठेवलं. "अर्विन, याला नंबर नाही," ती म्हणाली.

नंबर नसलेली वस्तू प्रयोगशाळेत तपासायची नसते. आमच्याकडे क्ष-किरणांचं एक हातातलं यंत्र आहे, बंदुकीसारखं दिसतं, वस्तूवर टेकवलं की अर्ध्या मिनिटात धातू सांगतं. मी दार लावलं आणि ते टेकवलं. मासोळ्या तशाच निघाल्या. मणी स्वच्छ. अक्षरंही स्वच्छ. मी दोरा कापून मासोळ्या विषारी कचऱ्याच्या डब्यात टाकल्या आणि उरलेलं काय करायचं ते मला ठरवता येईना. तिनंच ती पाच अक्षरं वेचून त्याच कागदात बांधली आणि खिशात घातली. मग तिथेच, दळायच्या यंत्राशेजारच्या स्टुलावर बसून तिनं मला पहिल्यांदा रेमंडबद्दल सांगितलं. जेवणाचा डबा उघडायचा राहूनच गेला. त्या दिवसापासून आम्ही जेवायला एकत्र बसायला लागलो. मलाही घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. पण मी कधी कुणाला तसं सांगितलं नव्हतं, आणि तेव्हाही सांगितलं नाही.

हेल्मीचं पुढे काय झालं ते आम्हाला जॉइस ओकाडाकडून कळत गेलं. आमच्या खात्यात विष शोधणारे लोक एका मजल्यावर आणि विषाला पर्याय शोधणारे दुसऱ्या मजल्यावर बसतात. जॉइस वरच्या मजल्यावरची. तिचं म्हणणं असं, की माणसाच्या हातातून एक वस्तू काढून घेतली तर दुसरी द्यायला हवी, नाहीतर तो पुन्हा तीच उचलतो. सरकारनं नुसतं 'नको' म्हणून भागत नाही. काय वापरायचं, ते कुठे मिळतं, परवडतं का, हे बसून सांगावं लागतं. वार्निश बनवणाऱ्यांपासून कपडे धुणाऱ्यांपर्यंत ती सगळ्यांकडे जायची. एप्रिलमध्ये ती रेमंडला गेली.

हेल्मीनं तिला उभ्याउभ्याच बोलणी सुनावली. चाळीस वर्षं दुकान चालवतेय, एवढ्या वर्षांत कुणी सांगायला आलं नाही की त्या पिशवीत काय असतं. व्यापाऱ्याला कुणी विचारत नाही, आणि म्हातारीला पत्रं येतात. जॉइसनं ऐकून घेतलं, कारण त्यातलं निम्मं खरं होतं. व्यापाऱ्यालाही पत्र गेलं होतं, पण तो दुसऱ्या राज्यातला, त्याला उत्तर द्यायला वर्ष लागलं.

जॉइसला गावात कळलं की पत्र पोचायच्या आधीच हेल्मी ओन्नीच्या जुन्या पिकअपमधून घरोघर गेली होती. शनिवारी दुपारी निघाली ती बुधवारपर्यंत फिरत होती. दारात उभं राहून सांगायची, मी दिलेलं वाईट आहे, परत द्या. काही आया रागावल्या. एका बापानं तिला पायरीवरूनच बाहेर काढलं. एका मुलीनं ब्रेसलेट द्यायला नकार दिला आणि रडली, तर हेल्मी अंगणात बसून तिच्याशी अर्धा तास बोलली आणि घेऊनच उठली. चार घरं गाव सोडून गेली होती, ती सोडून सगळी गोळा झाली. मुलींचं रक्त आणि लघवी तपासायची सोय काउंटीच्या आरोग्य केंद्रानं केली. दोघींची पातळी जरा वर होती. डॉक्टर म्हणाले, वस्तू सुटली आहे, लक्ष ठेवू. हेल्मी दर महिन्याला त्या दोन्ही घरी पाव घेऊन जायची. एका घरी दार उघडत, दुसऱ्या घरी उघडत नसत. तिथे ती पाव पायरीवर ठेवून यायची.

दुकान मे महिन्यात उघडंच होतं, पण मुली यायच्या थांबल्या होत्या. जॉइस तीनदा गेली. तिनं आल्डरच्या लाकडाच्या चकत्या सुचवल्या, गिरणीत फुकट मिळणाऱ्या तुकड्यांच्या; जड धातू नसलेले रंग आणि जवसाचं तेल. हेल्मी म्हणाली की हे शाळेतलं हस्तकलेचं काम दिसतंय. पण ओन्नीची करवत होती आणि हातांना काम नव्हतं. जूनपर्यंत तिनं लाकडाच्या मासोळ्या कापल्या, पहिल्या वाकड्यातिकड्या, मग बऱ्या. जॉइसनं एक आणून आम्हाला दाखवली. कोरीननं ती हातात घेतली नाही, लांबूनच बघितली.

कोरीननं मध्यंतरी हेल्मीला पत्र लिहिलं होतं. चार वेळा लिहून फाडलं आणि पाचव्यांदा टाकलं. उत्तर आलं नाही. ती शनिवारी आता कुठे जात नसे. कपडे धुवायची, ग्रंथालयात बसायची. मी एकदा म्हणालो की पॉइंट डिफायन्सला चल, बाग छान आहे. ती आली, आम्ही फिरलो, आणि परत येताना दोघांनाही बोलायला काही सुचलं नाही. वाईट गेला नाही तो दिवस. पण पुन्हा जाऊ असं कुणी म्हटलंही नाही.

सप्टेंबरात नियमाप्रमाणे हेल्मीला नव्या ब्रेसलेटचे नमुने आणि एक फॉर्म पाठवायचा होता. जॉइस तेव्हा रजेवर होती, म्हणून तिचे फोन नोंदणीच्या टेबलावर येत होते. मी पिशव्यांच्या नंबरांसाठी तिथेच उभा होतो. फोन वाजला, कोरीननं उचलून खात्याचं नाव सांगितलं, आणि मग ती थांबली. आवाज पलीकडच्या बाईनंही ओळखला असणार, कारण पलीकडेही काही क्षण काहीच नव्हतं. मग हेल्मी बोलायला लागली. तिचा आवाज मोठा होता, टेबलापलीकडूनही ऐकू येत होता.

फॉर्मबद्दल विचारायचं आहे, ती म्हणाली. पहिल्या रकान्यात काय लिहायचं.

कोरीननं सांगितलं, दुकानाचं नाव.

दुसऱ्यात?

पत्ता.

त्या फॉर्ममध्ये एकोणीस रकाने आहेत, आणि प्रत्येकात काय लिहायचं ते मागच्या पानावर छापलेलं असतं. हेल्मीनं एकेक रकाना विचारला. कोरीननं एकेक सांगितला, तिच्या नेहमीच्या कोरड्या आवाजात. फक्त डाव्या हातानं ती फोनची वायर बोटाला गुंडाळत होती. लाकूड कुठलं ते लिहायचं का? हो. तेलाचं? हो, डब्यावरचं नाव तसंच उतरवायचं. करवतीनं कापलं हेही लिहायचं? त्याची गरज नाही, कोरीन म्हणाली, आणि जरा थांबून म्हणाली, पण लिहिलंत तरी चालेल.

"लिहिते मग," हेल्मी म्हणाली.

पंधराव्या रकान्याशी मी पिशव्या तिथेच ठेवून खुर्ची ओढून बसलो. तिथे मला काही काम नव्हतं. एकोणिसावा रकाना सहीचा. हेल्मी म्हणाली की सही तिला येते. फोन मात्र कुणी ठेवला नाही. पलीकडे रस्त्यावरून लाकडाचा ट्रक गेल्यासारखा आवाज आला.

"तुझं पत्र मिळालं," हेल्मी म्हणाली.

"बरं."

"मला लिहायचा कंटाळा आहे."

"ठीक आहे."

"नमुने सोमवारी टाकते. ते दळणार तुम्ही?"

"एक दळतात. बाकीचे ठेवतात."

"चांगले झालेत," हेल्मी म्हणाली. "दळायच्या आधी बघ."

आणि तिनं फोन ठेवला. कोरीननं रिसीव्हर जागेवर ठेवला, बोटाची वायर सोडवली. बोटावर लाल वळ उमटला होता. मी तिला विचारलं, जेवायला जायचं का, दोन वाजून गेले. ती म्हणाली, तू हो पुढे, मी येते. मी खाली जाऊन आमच्या टेबलाशी बसलो. ती आली नाही. चार वाजता मी पिशव्या न्यायला परत गेलो तेव्हा ती त्याच फॉर्मची कोरी प्रत समोर ठेवून बसली होती, आणि पुढचा फोन वाजत होता.